तेराशे अंशांवरचा पापुद्रा

भट्टीतून आलेली पहिली पट्टी चिमट्यात धरून मी खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. आत ठेवताना ती काळसर, आरशासारखी गुळगुळीत होती. शंभर तास १३०० अंश सेल्सियसमध्ये काढून ती परतली ती अंगावर रंग घेऊन. मध्ये फिकट गुलाबी, कडांकडे हिरवट, एका टोकाला सोनेरी झाक. पट्टी जराशी कलती केली की रंग जागा बदलत. साचलेल्या पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की दिसतात तसे. हे रंग कुणी लावलेले नव्हते. सिलिकॉन कार्बाइडने हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच्या अंगावर काच धरली होती, जेमतेम एक-दीड मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दीड हजारांश, जाडीची. त्या काचेच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारा उजेड एकमेकांत मिसळून हे रंग दाखवत होता.

पुढची दोन वर्षं माझं सगळं काम या पापुद्र्याभोवती फिरलं.

काम कागदावर सोपं दिसत होतं. तीन प्रकारच्या प्रगत सिरॅमिकच्या पट्ट्या आणि चकत्या तापवायच्या, ठरलेल्या तासांनी बाहेर काढून वजन करायचं, शेवटी मोडून बघायच्या आणि कोण किती टिकतं ते लिहायचं. पहिलं सिलिकॉन कार्बाइड, दुसरं सिलिकॉन नायट्राइड, आणि तिसरं झिर्कोनियम डायबोराइड, ज्यात आकारमानाने २० टक्के सिलिकॉन कार्बाइड मिसळलेलं होतं. विमानाच्या इंजिनातले निकेलचे मिश्रधातू १३०० ते १४०० अंशांच्या आसपास वितळायला लागतात, म्हणून त्यांच्या आतून हवा खेळवून त्यांना सतत थंड ठेवावं लागतं. सिलिकॉन कार्बाइड त्या तापमानाला मऊसुद्धा पडत नाही, आणि वजनाला निकेलच्या निम्म्याहूनही हलकं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे.

पण मला सुरुवातीपासून एक शंका छळत होती. ॲल्युमिना, झिर्कोनिया ही मुळातच ऑक्साइडं, ॲल्युमिनियमचं आणि झिर्कोनियमचं. जे आधीच जळून झालंय ते आणखी काय जळणार? मग ऑक्सिजनमध्ये टिकायचं असेल तर तीच का नाही वापरायची? सिलिकॉन कार्बाइडमध्ये तर निम्मे अणू कार्बनचे. मी सरांना विचारलं, "सर, हे जळणार नाही का?"

"जळतं ना," ते म्हणाले. "जळतं म्हणूनच टिकतं. आणि तुझं ॲल्युमिना जळत नाही, पण भार देऊन तेराशे-चौदाशे अंशांत ठेव, हळूहळू वाकतं. एकदम थंड कर, तडकतं. तुला कुठलं दुखणं चालेल ते आधी ठरव."

त्यांचं पहिलं वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. ते खरोखर पटायला मात्र बराच काळ गेला.

सुरुवातीचे दोन महिने भट्टी पेटलीच नाही. पट्ट्या ४५ मिलिमीटर लांब, ४ रुंद, ३ जाड. त्यांच्या चारही लांब कडा किंचित मारून घ्यायच्या, कारण धारदार कडेवर घासताना पडलेला बारीकसा टवकाही पुढे पट्टी तिथूनच मोडायला पुरेसा होतो. मग हिऱ्याच्या पेस्टने घासणं, एकामागून एक बारीक होत जाणारी पेस्ट, शेवटची एक मायक्रॉनची. हिऱ्याशिवाय दुसरं फारसं काही या पदार्थावर चालत नाही. एका पट्टीची एक बाजू व्हायला अर्धा दिवस जायचा. त्यानंतर ॲसिटोन, मग अल्कोहोल, दोन्ही अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, मग वाळवण आणि डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं.

वजन करायचा काटा मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. खोलीचं दार उघडलं तरी आकडा हलायचा. पट्टी जरा कोमट राहिली तरी तिच्याभोवतीची हवा वर उठून वजन कमी दाखवायची. म्हणून प्रत्येक पट्टी तीनदा तोलायची, तिन्ही आकडे जुळले तरच वहीत चढवायचे. सात नंबरच्या पट्टीचं सुरुवातीचं वजन १.६७३८२ ग्रॅम. हा आकडा अजून पाठ आहे, कारण ही पट्टी मी शेवटपर्यंत मोडली नाही.

एवढी काटेकोर तयारी का, ते हिशेब मांडल्यावर कळतं. सिलिकॉन कार्बाइडचा रेणुभार ४०, सिलिकाचा, म्हणजे पट्टीवर धरणाऱ्या त्या काचेचा, ६०. कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड होऊन तो निघून जातो, सिलिकॉनला दोन ऑक्सिजन चिकटतात, म्हणजे ४० ग्रॅम गेले आणि ६० आले. पट्टी जळते आणि तिचं वजन वाढतं. एक चौरस सेंटिमीटरवर एक मिलिग्रॅम वजन वाढलं तर काचेचा थर साधारण १४ मायक्रॉनचा. माझ्या पट्टीचं सगळं क्षेत्रफळ साडेसहा चौरस सेंटिमीटर. दीड मायक्रॉनच्या आतबाहेर थर असेल, तर पावणेदोन ग्रॅमच्या पट्टीचं वजन वाढणार जेमतेम पाऊण मिलिग्रॅमपर्यंत. बोटाचा एक ठसा लागला तरी हिशेब ढासळतो.

भट्टी सांभाळायला एक काका होते. पदवी वगैरे त्यांच्याकडे नव्हती, पण भट्टीचा आवाज ऐकून ते सांगायचे कुठला तापक थकलाय. तापक मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे, इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले, लोंबते. काका भट्टी चढवताना ४०० ते ६०० अंशांचा टप्पा कधी रेंगाळू द्यायचे नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून एक डबी काढून दाखवली. आत जुन्या तापकाच्या तुकड्याची पिवळसर-करडी पूड होती. "हा सतराशे अंशांत वर्षानुवर्षं मजेत राहतो, आणि पाचशेला ठेवलात तर असा भुगा होतो." १७०० अंशांत त्याच्यावरही सिलिकाचीच अखंड काच धरते आणि त्याला राखते. पाचशेला ती काच धड जमत नाही, मॉलिब्डेनमचं ऑक्साइड मध्ये शिरतं, आणि पदार्थ आतून फुगून सुटा होतो. म्हणजे ज्या भट्टीत मी पट्ट्यांची परीक्षा घेत होते, तिचे तापकही रोज तीच परीक्षा देत होते. तापमान जास्त म्हणजे धोका जास्त, हे माझं साधं गणित त्या डबीतल्या पुडीने मोडलं.

पहिल्या फेऱ्या छान गेल्या. दहा तास, पंचवीस, पन्नास, शंभर. वेळ चौपट केला की थराची जाडी दुप्पट भरत होती. ऑक्सिजनला आधीच तयार झालेल्या काचेतून झिरपत खाली पोचायचं असतं. काच जाड होत जाते तसा त्याचा रस्ता लांबतो आणि वेग मंदावतो. १९६५ मध्ये डील आणि ग्रोव्ह यांनी सिलिकॉनवरच्या ऑक्साइडसाठी हे गणित मांडलं. इलेक्ट्रॉनिक चिपांच्या धंद्यातलं ते गणित माझ्या पट्ट्यांनाही लागू पडत होतं. आलेखावर वेळेच्या वर्गमुळासमोर वजन मांडलं की बिंदू सरळ रेषेत बसत. त्या दिवसांत मी फार खुशीत होते.

मग भट्टीची नळी, जिच्यात पट्ट्या ठेवायच्या ती, तडकली. घाईने थंड केल्यामुळे तडकली, आणि घाई माझी होती. काकांनी दुसरी ॲल्युमिनाची नळी बसवली आणि मी पुढच्या सहा पट्ट्या आत घातल्या.

शंभर तासांनी काढल्या तेव्हा रंग नव्हते. पट्ट्या दुधाळ, ओलसर दिसत होत्या, जणू कुणी पातळ सरस फासलाय. काट्यावर वाढ भरली तीन मिलिग्रॅमच्या वर, आधीच्या पट्ट्यांच्या पाचपट. पदार्थ तोच, त्याच खोक्यातला. तापमान तेच. तास तेच. मी पुन्हा तोललं. काटा पुन्हा जुळवून घेतला. थर्मोकपल बदलून पाहिलं, कदाचित तापमान चुकीचं दाखवत असेल म्हणून. तापमान बरोबरच होतं. पट्ट्यांचा हा गट सदोष असावा असं मला ठाम वाटायला लागलं होतं, आणि मी तसं लिहिणारही होते.

एक पट्टी आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काचेचा थर सहा मायक्रॉनच्या पुढे आणि आत बुडबुडेच बुडबुडे. काही फुटून पृष्ठभागावर खळगे झालेले. बाहेर पडू पाहणारा कार्बन मोनॉक्साइड पाघळून पातळ झालेल्या काचेत अडकला होता. पण काच पातळ का झाली? त्याच यंत्रावर थरात कुठली मूलद्रव्यं आहेत ते पाहिलं. सिलिकॉन, ऑक्सिजन, थोडं ॲल्युमिनियम आणि सोडियमची एक छोटी पण स्पष्ट खूण.

सोडियम आलं कुठून, यावर दोन दिवस मी माझ्याच हातांवर संशय घेत राहिले. घामातल्या मिठात सोडियम असतं. पण हातमोजे तर मी कधी काढलेच नव्हते. शेवटी काकाच म्हणाले, "मॅडम, नळी बदलल्यापासून हे चालू झालंय." नवी नळी कमी शुद्धतेची होती. ॲल्युमिना बनवण्याच्या प्रक्रियेतच कॉस्टिक सोडा वापरतात, त्यामुळे त्यात सोडियमचा अंश राहतो. तेराशे अंशांत तो वाफेच्या रूपाने नळीतून सुटतो आणि पट्टीच्या काचेत जाऊन बसतो. शुद्ध सिलिकाची काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं घट्ट विणलेलं जाळं. सोडियम त्या जाळ्याचे टाके उसवतं. काच पातळ होते, ऑक्सिजनला वाट मोकळी होते. पट्टीला कुणी स्पर्शही केलेला नाही, आणि तिच्या संरक्षणाला भोकं पडलेली.

पट्ट्यांच्या गटावर दोष टाकायला मी किती तयार होते हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. एका चांगल्या पदार्थाच्या नावावर कायमचा डाग पडला असता, आणि तोही वहीत नीट सही करून.

त्यानंतर जास्त शुद्धतेची नळी आली. ती बसवल्यावर पहिला आठवडा भट्टी रिकामीच १५०० अंशांवर चालवली, उरलंसुरलं सोडियम उडून जावं म्हणून. पट्ट्या ॲल्युमिनाच्या होडीसारख्या भांड्यात ठेवणं बंद केलं. प्लॅटिनमच्या तारेने टांगायचा विचारही सोडावा लागला, कारण सिलिकॉन असलेल्या पदार्थाला प्लॅटिनम उच्च तापमानात खातं आणि स्वतःही खराब होतं. शेवटी सिलिकॉन कार्बाइडच्याच दोन तुकड्यांच्या धारेवर पट्टी आडवी ठेवली, म्हणजे तिला स्पर्श करणारा पदार्थ ती स्वतःच. पहिले शंभर तास संपले, आणि रंग परत आले. सात नंबरची पट्टी याच फेरीतली. १.६७४४४ ग्रॅम. वाढ ०.६२ मिलिग्रॅम. वहीत तेव्हापासून मी प्रत्येक फेरीच्या मथळ्यात नळीचा जन्मही लिहायला लागले: कोणत्या दिवशी बसवली, किती तास भाजली, तिच्यात आधी काय काय ठेवलं होतं.

मधल्या काळात आर्गॉनचं प्रकरण झालं. कुणीतरी सुचवलं की काही पट्ट्या ऑक्सिजन नसताना तापवून ठेवाव्यात, तुलनेला. आर्गॉनचं सिलिंडर जोडलं, १४०० अंश. त्यात पट्ट्या जशाच्या तशा राहतील अशी माझी खात्री. बाहेर आल्या त्या निस्तेज, खरखरीत, आणि वजन घटलेलं. नळीच्या थंड टोकाला कापसासारखी पांढरी लव साठली होती, फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी. सिलिंडरमधल्या वायूत आणि आमच्या जोडांमधून ऑक्सिजन अगदी थोडा येत होता. काच धरायला अपुरा, पण सिलिकॉनला एकच ऑक्सिजन चिकटवून सिलिकॉन मोनॉक्साइड हा वायू बनवायला भरपूर. तो वायू पट्टी सोडून निघून जातो आणि थंड जागी पुन्हा ऑक्सिजन मिळाला की पांढरी सिलिका होऊन बसतो. कार्ल वॅगनर यांनी १९५८ मध्ये सिलिकॉनच्या बाबतीत हीच सीमारेषा दाखवली होती: ऑक्सिजन पुरेसा असेल तर पदार्थ स्वतःला झाकतो, त्याहून कमी असेल तर उघडाच झिजत जातो. मी ती लव छोट्या बाटलीत भरून काकांच्या पुडीच्या डबीशेजारी ठेवली.

सिलिकॉन नायट्राइडबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याने मला फारसा धक्का दिला नाही. ते सहजी घट्ट होत नाही, म्हणून बनवताना यिट्रिया आणि ॲल्युमिना मिसळतात. ही भर कणांच्या मधल्या फटींत काचेसारखी राहते. तापवल्यावर यिट्रियम वर सरकून पृष्ठभागावरच्या सिलिकात मिसळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुयांच्या झुबक्यांसारखे स्फटिक दिसतात. दिसायला सुंदर, पण त्यांच्या मुळाशी खळगे. म्हणजे ज्या गोष्टीच्या मदतीने तो पदार्थ घडला, तीच पुढे त्याचं कवच बिघडवते. १३०० अंशांच्या पुढे मी त्याला नेलं नाही.

मोडायच्या दिवसांची मला धास्ती असे. पट्टी खाली दोन आधारांवर, वरून दोन ठिकाणी भार. आधार ४० मिलिमीटर अंतरावर, भार २० वर. एकदोन पट्ट्या मोडून काही कळत नाही, कारण सिरॅमिकची ताकद तिच्यातल्या सगळ्यात वाईट दोषावर ठरते आणि प्रत्येक पट्टीचा दोष वेगळा. म्हणून एका स्थितीच्या तीस पट्ट्या, आणि त्यांचा पसारा वायबुल यांच्या सांख्यिकीने मांडायचा. सिलिकॉन कार्बाइडची पट्टी साधारण पन्नास किलो भाराला जायची. जाताना कसलीही सूचना नाही. आधी एकदम शांत, आणि मग चाबकासारखा आवाज. तुकडे गोळा करायचे, मोडलेला चेहरा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल शोधायचा. त्याच्या मध्यावर मोड जिथून सुरू झाली तो दोष सापडतो.

इथे मला अनपेक्षित असं काही दिसलं. शंभर तास तापलेल्या पट्ट्या न तापलेल्यांपेक्षा किंचित जास्त भार घेत होत्या. मी दोन्ही ढीग उलटसुलट तर झाले नाहीत ना, म्हणून नंबर पुन्हा तपासले. बरोबर होते. घासताना पृष्ठभागावर पडलेल्या बारीक भेगांत काच भरली होती, त्यांची टोकं बोथट झाली होती. मोड आता पृष्ठभागावरून नव्हे, आतल्या एखाद्या छिद्रापासून सुरू होत होती. सरांचं ते वाक्य मला त्या संध्याकाळी पटलं, हातात तुकडे धरून.

पण त्याला दुसरी बाजूही होती. तीनशे तासांच्या पुढे आणि चौदाशे अंशांजवळ काच काचच राहत नाही. ती हळूहळू क्रिस्टोबलाइट नावाच्या स्फटिकात बदलते. गरम असेपर्यंत काही बिघडत नाही. थंड होताना २५० अंशांच्या आसपास या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम आकसतो, खालची पट्टी मात्र तितकी आकसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थर दिसतो तो आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखा, चौकोनी भेगांनी भरलेला. एकसलग तापवलेली पट्टी आणि दर वीस तासांनी थंड करून तोललेली पट्टी यांच्यात म्हणूनच फरक पडत होता. तोलण्यासाठी बाहेर काढणं हासुद्धा एक मार होता. मग आम्ही काही पट्ट्या मध्ये न तोलता सलग ठेवल्या, आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले.

बोराइडच्या चकत्या १५०० अंशांवर गेल्या. तुलनेसाठी नुसत्या झिर्कोनियम डायबोराइडची एक चकतीही सोबत ठेवली होती. ती बाहेर आली पांढरीफटक, खडूसारखी. नखाने पूड निघत होती. झिर्कोनियम डायबोराइड स्वतः ३२०० अंशांच्याही पुढे वितळतं, पण तापल्यावर त्यातल्या बोरॉनचं जे ऑक्साइड होतं ते ४५० अंशांतच वितळतं आणि ११०० च्या वर उडून जायला लागतं. मागे राहतो तो झिर्कोनियाचा सच्छिद्र सांगाडा, ऑक्सिजनला मोकळं रान. सिलिकॉन कार्बाइड मिसळलेली चकती मात्र चकचकीत, झिलई दिल्यासारखी. हिऱ्याच्या पात्याने ती कापली तेव्हा एकावर एक थर दिसले. वर बोरॉन मिसळलेली सिलिकाची काच, तिच्याखाली झिर्कोनियाच्या खांबांत भरलेली काच, आणि त्याच्याही खाली एक पट्टा जिथलं सिलिकॉन कार्बाइड खाल्लं जाऊन पोकळ्या राहिल्या होत्या. त्या पट्ट्यात ऑक्सिजन इतका कमी पोचतो की तिथे स्वतःला झाकणं थांबून झिजणं सुरू होतं. आर्गॉनच्या नळीत जे घडलं तेच इथे एका चकतीच्या पोटात, केसापेक्षा कमी जाडीत घडत होतं. तो फोटो मी अजून टेबलासमोर लावून ठेवला आहे.

आता वाफ. इंजिनात नुसती कोरडी हवा कधीच नसते. इंधन जळलं की पाण्याची वाफ होतेच, जळलेल्या वायूत पाच ते दहा टक्के. १९९० च्या दशकात नासातल्या संशोधकांनी दाखवलं की ही वाफ सिलिकाच्या काचेशी थेट क्रिया करते आणि सिलिकॉन हायड्रॉक्साइड नावाचा वायू बनतो. म्हणजे खालून काच वाढते आणि वरून ती उडून जाते. ८२ अंशांच्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडवत सोडला तर निम्मा ऑक्सिजन आणि निम्मी वाफ मिळते. आम्ही ते जोडलं. पाणी आणि भट्टी यांच्यामधल्या नळ्यांभोवती हीटिंग टेप गुंडाळली, नाहीतर वाफ वाटेतच थंड होऊन थेंब पडतात. पहिल्या दिवशी पडलेच, आणि सगळी फेरी टाकून द्यावी लागली.

या फेरीला मी सात नंबर घातली. तिच्यावर कोरड्या हवेतली चांगली काच आधीच होती आणि ती किती टिकते ते मला बघायचं होतं. सुरुवातीला वजन वाढलं, कोरड्यापेक्षा वेगाने, कारण वाफेत काच वाढतेही लवकर. १.६७४६१ पर्यंत गेलं. मग दोन वेळा तोललं तरी तोच आकडा. मी सुटकेचा श्वास सोडला. थर जाड झाला, वाढ थांबली, पट्टी सुरक्षित झाली असं समजले. सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "थांबलेली नाहीये. बरोबरी झालीय. जितकं वजन खालून वाढतं तितकंच वरून जातं. तू भट्टी चालू ठेव."

चालू ठेवली. १.६७४५२. १.६७४३१. पट्टी खिडकीपाशी नेली की रंग तेच, तसेच. वरून पाहणाऱ्याला तिच्यात काही बदल झालाय असं वाटलं नसतं. माझ्या नळीत वायू सेकंदाला काही सेंटिमीटर वेगाने चालत होता, दाब साधा हवेचा. इंजिनात दाब दहापट किंवा त्याहून जास्त आणि वेग सेकंदाला शेकडो मीटर. तिथे हे उडणं कैक पटींनी होतं आणि हजारो तास चालतं. म्हणूनच इंजिनात जाणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या भागांवर वरून आणखी एक लेप द्यावा लागतो, वाफेला दाद न देणाऱ्या ऑक्साइडचा. आधी मुलाइटचे लेप आले, पुढे यिटर्बियम सिलिकेटसारखे. २०१६ मध्ये प्रवासी विमानांवर रुजू झालेल्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेल्या सिलिकॉन कार्बाइडचं आहे, आणि त्यालाही असाच लेप असतो. हे वाचलेलं होतंच. पण माझ्या काट्यावर शेवटचा आकडा दर आठवड्याला खाली येताना पाहिला तेव्हा तो लेप कशासाठी, ते मला आतून कळलं.

शेवटची फेरी संपली. पट्टी रात्रभर डेसिकेटरमध्ये थंड केली आणि सकाळी खोलीत आणखी कुणी यायच्या आत तोलायला घेतली. पहिला आकडा पाहून मी ती उचलून पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला: १.६७३८२.

मी वही उघडून दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. शेवटच्या अंकापर्यंत तेच वजन. एखाद्याने फक्त काटा पाहिला असता तर म्हटलं असतं, पट्टीला काहीच झालं नाही. पण तिच्या अंगावर आता काच होती, आणि त्या काचेचं जितकं वजन, तितकंच सिलिकॉन कार्बाइड तिच्यातून कमी झालं होतं. त्या रकान्यात मी आकडा लिहिला आणि शेजारी, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरांत लिहिलं: कोरडे १०० तास, मग वाफ, नळी तिसरी, रंग शाबूत. मग पट्टी डबीत ठेवली.